तीन दिवस पाणी नाही

दापोड्याच्या गोडाऊनमध्ये फुटका माल परत आला की त्यावर लाल स्टिकर लावतात. डॅमेज. एका दुपारी तो स्टिकर मॅडमने माझ्या डोक्यावर लावला.

मॅडम म्हणजे मालकाची सून. ऑफिस तीच बघायची. मी रिटर्न विभागात माल स्कॅन करायचे. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती. फ्रंटच्या टेबलावरची मुलगी लग्न होऊन गेली, म्हणून मी मॅडमला विचारायला गेले की ती जागा मला मिळेल का. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या रोलमधला एक स्टिकर सोलला आणि माझ्या केसांवर दाबला.

"बघू, ह्या जंगलात धरतो का."

धरला. आजूबाजूचे चार-पाच जण हसले. मॅडम म्हणाली, "तुमच्यात सगळ्यांचेच असे असतात का गं?"

तुमच्यात. कामाला लागले त्या दिवशी तिने माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. त्यामुळे हा शब्द कुठून आला ते मला कळलं आणि हसणाऱ्यांनाही कळलं.

"फ्रंटला बसायचंय ना? मग हे सरळ करून ये. व्यापारी पार्ट्या येतात, बरं दिसत नाही."

मी "हो मॅडम" म्हणाले. आणि हसले. ते हसू आठवलं की आजही माझाच मला राग येतो.

माझे केस आईचे. दाट, बारीक वळ्यांचे, कंगवा रुतला तर बाहेर येणार नाही असे. आई नारपोलीत एका लूमवर कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याच्या त्या छोट्या नळ्या. दिवसभर रुई उडायची आणि सगळी तिच्या केसांत बसायची. संध्याकाळी ती दारात बसायची आणि मी तिच्या डोक्यातले कापसाचे तंतू वेचायचे. रविवारी पाळी उलटी. ती वाटीत तेल कोमट करायची आणि बोटांनी माझ्या केसांचा गुंता सोडवायची. "माझ्यावर गेल्यात तुझे केस. नीट ठेव," म्हणायची. दोन घास कमी मिळाले असतील, पण डोक्याला तेल नाही असा रविवार मला आठवत नाही.

त्या शनिवारी मी धामणकर नाक्याच्या पार्लरमध्ये गेले. पार्लर चालवणाऱ्या आपा आमच्या ओळखीच्या. त्यांनी माझे केस हातात धरून पाहिले.

"तेरे बाल को कुछ हुआ नहीं है. फिर भी करने का है?"

मी मान हलवली. मग क्रीम, तो वास, डोळ्यांची आग, कानामागे चटका. चार तास. शेवटी इस्त्री. आरशात एक दुसरीच मुलगी बसली होती आणि ती मला आवडली, हेही सांगून टाकते.

निघताना आपा म्हणाल्या, "तीन दिन पानी नहीं लगाने का. तेल नहीं, बांधने का नहीं, कान के पीछे भी नहीं डालने का. पानी लगा तो सब खराब."

घरी आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणाची पोर आली गं ही?" म्हणाली आणि हसली. मला वाटलं, थट्टा करते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सवयीने तिने वाटीत तेल कोमट केलं आणि उंबऱ्याशी बसून मला हाक मारली.

"आई, हात लावू नको. तीन दिवस चालत नाही."

"निस्ता हात बी न्हाय?"

"नाही म्हटलं ना!"

ती "बरं" म्हणाली. वाटीतलं तेल हळूच परत बाटलीत ओतलं आणि तेलकट बोटं स्वतःच्याच डोक्याला पुसली. माझं लक्ष सोमवारकडे होतं.

सोमवारी मी फ्रंटच्या खुर्चीत बसले. मॅडम म्हणाली, "आता कशी माणसात आलीस." मला बरं वाटलं. खरंच वाटलं. त्यानंतर तासाभरात नारपोलीहून फोन आला, आई कांडीच्या मशीनजवळ कोसळली. मी नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकले होते, तेव्हाच ती गेली.

मोठी मावशी आली. बायकांनी चादरी धरून आडोसा केला. तांब्या माझ्या हातात दिला आणि मी आईला आंघोळ घातली. तिचे केस भिजले तशा त्यांच्या वळ्या आणखी घट्ट झाल्या. सकाळची रुई त्यांत होतीच. मावशी ती एकेक तंतू करून काढत होती. मी पाणी ओतत होते आणि माझे सरळ केस तोंडावर येत होते, पण ते बांधायची मला हिंमत होत नव्हती.

स्मशानातून परतल्यावर दारातच आंघोळी सुरू झाल्या. माझी पाळी आली. मावशीने तांब्या माझ्या डोक्यावर उचलला आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"मावशी, डोक्यावरून नको. केस भिजवता येत नाहीत."

सगळ्या गल्लीने ऐकलं. रडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"आय गेली हाय तुझी," मावशी म्हणाली.

एवढंच. मग तिने ते पाणी माझ्या खांद्यावर ओतलं. डोकं कोरडं राहिलं.

मला कुणी अडवलं नव्हतं. मॅडम तिथे नव्हती, तिचा स्टिकर तिथे नव्हता. तोंड माझं होतं आणि बोलत होती ती. असले टोमणे माणसाला आतून किती खाऊन टाकतात, ते मला त्या दारात कळलं. कळलं तेव्हा पाणी संपलं होतं.

चौथ्या दिवशी मी बादलीच्या बादली डोक्यावर ओतली. केस तसेच लोंबत राहिले. एकही वळी आली नाही. मी न्हाणीत बसून गुरासारखी रडले.

दोन-तीन महिन्यांनी मुळाशी दोन बोटं नवे केस आले. कुरळे. खाली सरळ काड्या आणि वर आई. मी आरशासमोर उभी राहून त्यांना बोट लावत राहायचे. ते केस मॅडमनेही पाहिले.

"परत यायला लागले की तुझे. पुढच्या आठवड्यात मोठी पार्टी यायची आहे माल बघायला, त्याआधी करून घे."

"नाही करणार."

"मग खुर्ची सोडावी लागेल."

"सोडते. तुम्ही कागदावर लिहून द्या, केस कुरळे आहेत म्हणून काढलं. आणि त्या दिवशी 'तुमच्यात' म्हणाला होतात, तेही लिहा."

  मॅडमने इकडेतिकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. तिने काही लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसरी मुलगी होती आणि माझ्या हातात पुन्हा स्कॅनर.

त्या संध्याकाळी मी आपांकडे गेले. सरळ झालेलं सगळं कापायला सांगितलं.

"कुछ बचेगा नहीं, बेटा."

"जितना मेरा है, बचेगा."

दोन बोटं केस उरले. गल्लीत काहींना वाटतं मी आईच्या दुःखात केस उतरवले. मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही आणि मी तिची समजूत घालायला जात नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? ते पाणी डोक्यावर घ्यायची वेळ एकदाच होती. मी हात आडवे घातले. हे माझ्याबरोबर राहणार.

फ्रंटच्या जागेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. स्टिकरचं त्यात लिहिलं आहे, 'तुमच्यात' लिहिलं आहे, तेव्हा कोण कोण उभे होते त्यांची नावं लिहिली आहेत. मॅडम घेत नव्हती. मी पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला नवा अर्ज देते. गोडाऊनमध्ये न्याय मिळाला नाही तर बाहेर जिथे मिळेल तिथे हेच कागद घेऊन जाईन. खुर्ची मला हवी आहे, ह्याच केसांनी. द्यायची नसेल तर मॅडमने दर वेळी माझ्या डोक्याकडे बघून नाही म्हणायचं, आणि ते माझ्या कागदावर लिहायचं.