बटणावरचं कुंकू
खंडेनवमीला कुंकवाचा करंडा उघडला की त्या वासानं मला चाकणची ती कंपनी आठवते. चोरलेल्या पासवर्डनं कुणी तिथल्या कॉम्प्युटरमध्ये शिरू नये म्हणून मी दिघीच्या घरी बसून पेनड्राइव्हएवढी एक चावी बनवली होती. पासवर्ड टाकायचा, चावी कॉम्प्युटरला लावायची, तिचं बटण दाबायचं, तरच लॉगिन. दसऱ्यानंतर कंपनी उघडली तेव्हा लाइनच्या कॉम्प्युटरपाशी साहेब आणि सगळी शिफ्ट उभी होती. मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, तर पडद्यावर लाल अक्षरं. "मॅडम, लाइन खोळंबलीये," साहेब हळू आवाजात म्हणाले आणि त्या हळू आवाजानंच माझी जास्त तंतरली. तिसऱ्यांदा चुकलं की खातं बंद, हा नियम माझाच. चावी काढून उजेडात धरली, तर बटणाच्या फटीत हळदकुंकू वाळून घट्ट बसलेलं. फिटर म्हणून रिटायर झालेल्या वडिलांनी अवजारांच्या पूजेत हिलाही ओलं बोट लावलं होतं. ओढणीची पिन काढून फट खरवडली, चावी परत लावून बटण दाबलं. टक् झालं आणि लॉगिन झालं. घरी शिरले ती भांडायच्या तयारीनंच. वडील दारातच उभे. "चाललं का गं? मी पूजा केली होती तिची." "म्हणून तर चाललं," माझ्या तोंडून निघून गेलं. आता ते नाहीत. दर खंडेनवमीला नव्या चावीला कुंकू मीच लावते, बरोबर बटणावर, आणि मग पिन घेऊन खरवडत बसते.