जाणारा गर, राहणारा गर

काजूचा गर दोन बोटांत धरायचा, खिडकीच्या उजेडाकडे न्यायचा, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. "ह्यो जाणार." पुढचा. "ह्यो जाणार." त्याच्या पुढच्याला कडेला केसाएवढी चीर. "ह्यो ऱ्हाणार." की तो पडला डाव्या बाजूच्या घमेल्यात.

जाणार म्हणजे परदेशी. राहणार म्हणजे आपल्या बाजारात, तुमच्याआमच्या शिऱ्यात. खानापूर रस्त्यावरच्या त्या काजू कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं करायला होतो, आणि ती निवडणीच्या टेबलावर पहिल्या जागेवर बसायची. सगळे तिला आक्का म्हणत, मालकसुद्धा. त्यांची जीभ आक्का म्हणायला वळायची तरी कशी, देव जाणे.

तिची बोटं एकदा बघितली की विसरायची सोय नव्हती. काजूच्या टरफलात एक जळजळीत तेल असतं, कातडी सोलून काढणारं. निवडणीवर येण्याआधी वीसेक वर्षं तिनं बी फोडली होती, हाताला राख आणि गोडेतेल चोळून. राख किती पुरणार! पेरं काळी पडलेली आणि टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. पहिल्या दिवशी मी टक लावून बघत होतो, तर म्हणाली, "बघतोस काय तम्मा? काजूनं मला खाल्ली, मी काजू खाल्ला न्हाई." कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती मला तम्मा म्हणे. कारखान्यात तोंडात दाणा टाकायला बंदी होती, आणि तिनं ती पाळली होती.

एकदा तिनं विचारलं, "आरं, ह्यो जातो तरी कुठं?" मी फोनवर नकाशा काढून दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. "येवढं लांब जाऊन मोडका चालत न्हाई त्यास्नी? तोंडात गेल्यावर मोडणारच की!" सगळं टेबल हसलं. अख्ख्या काजूबद्दल यापेक्षा शहाणं कुणी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मालकांचं बोलणं मात्र भरपूर ऐकलंय, कारण ते मीच लिहून द्यायचो. 'निर्यात वाढली की धंदा वाढतो, धंदा वाढला की गाव वाढतं.' टाळ्या पडायच्या. वाक्य खोटंही नाही, हीच तर चीड आहे. धंदा वाढलाच. नवी शेड झाली, टिळकवाडीत मालकांचा बंगला झाला, माझा पगार वाढला. बी आफ्रिकेतून बोटीनं यायची, गर बोटीनं परत जायचा, आणि मधल्यामध्ये तेल उरायचं ते कुणाच्या हातावर, हे भाषणात कधी आलं नाही. मी घातलंच नाही.

मग एका मोठ्या परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं: आमचा माणूस येईल, कारखाना बघेल, मगच करार. कामगारांची हजेरी मशीनवर हवी. मालकांनी दारात अंगठ्याचं मशीन बसवलं आणि सांगून टाकलं, महिनाभरात ज्याचा अंगठा मशीनवर नाही, तो कामावर नाही.

आक्कानं अंगठा ठेवला. मशीनमधली बाई इंग्रजीत म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. "ही कोण गं बया? लई ठसक्यात बोलतिया!" दुसरा अंगठा. पुन्हा तेच. दहाही बोटं झाली. मागची रांग आधी हसत होती, मग हसायची थांबली. तिच्यासारख्या आणखी चार जणी निघाल्या, सगळ्या जुन्या.

मला वाटलं, काळं बसलंय म्हणून होतंय. मीच सांगितलं, "आक्का, चिंचेनं घासून या." काय माझी अक्कल! तिनं रात्री चिंच लावली, मीठ लावलं, वर टाचा घासायच्या वजरीनं घासलं. दुसऱ्या दिवशी बोटं लालभडक. उरल्यासुरल्या चार रेघा होत्या, त्याही गेल्या. मशीनच्या काचेवर तांबडा डाग पडला, तो मालकांनी माझ्याकडून पुसून घेतला.

"चेहरा बघणारं मशीनपण मिळतं," मी म्हणालो.

"पाच बायकांसाठी?" मालक म्हणाले, आणि चहा मागवला.

आक्का रोज जाता-येता माझ्या टेबलापाशी थांबायची. "नाव ऱ्हाईल न्हवं रं माझं? मला दुसरं काय येतंय?" मी रोज म्हणायचो, राहील की. म्हणायला काय जातंय!

पाहुणा यायच्या दिवशी मालकांनी मला बाजूला घेतलं. "त्या पाच जणींना टरफलांच्या शेडमध्ये बसव. ते हात त्याला दिसायला नकोत." टरफलांची शेड म्हणजे उग्र वास, धूळ आणि डोळ्यांना चुरचुर. पाच बायका मुकाट्यानं आत गेल्या. कडी बाहेरून मीच लावली. थू माझ्यावर.

शेडला लागूनच्या पडवीत नमुन्याचं टेबल मांडलं होतं. पाहुणा भला माणूस दिसला. त्यानं गर उचलला, उजेडाकडे नेला, एक डोळा बारीक केला, आणि मला एकदम आक्काच आठवली. त्यानं इंग्रजीत काही विचारलं. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मराठीत सांगितलं, "माल फार सुरेख निवडलाय म्हणतात. कुणाचा हात आहे, त्यांना भेटता येईल का, असं विचारतात."

"हात कुठला? मशीन आहे म्हणून सांग," मालक म्हणाले.

निवडणीचं मशीन होतं खरं. कोपऱ्यात, कापड झाकून, बंद. मी सांगितलं. तेव्हा मला लाजही वाटली नाही. इंग्रजी वाक्य नीट जमलं याचं समाधानच वाटलं, खरं सांगतो. किळस नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पाहुणा गेल्यावर कडी काढली. बायकांचे डोळे लाल झालेले. आक्का पदर झाडत बाहेर आली.

"पसंत पडला माल?"

"पडला."

"कुणी निवडला म्हणून इचारलं काय?"

"न्हाई," मी म्हणालो. तिच्याच बोलीत खोटं बोललो.

"बरं," ती म्हणाली.

करार झाला. महिनाअखेर मशीनमधून यादी निघाली, तीत पाच नावं नव्हती. ती यादी मीच छापून दाराला चिकटवली. पुढं मालकांना निर्यातीचा सन्मान मिळाला. शाल पांघरून ते माझंच वाक्य बोलले, 'गाव वाढतं', आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वर्षभरानं मी नोकरी सोडली. तीही दुसरी मिळाल्यावर, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. सुटताना मिळालेला, परदेशी जाणाऱ्या मालाचा डबा घेऊन आक्काच्या गावी गेलो. ती ओट्यावर बसली होती. डबा तिनं सुपात ओतला आणि हात आपोआप चालू लागले. "ह्यो जाणार. ह्यो जाणार."

मला ते बघवेना. "आक्का, त्यानं विचारलं होतं. कुणी निवडलं म्हणून."

"ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "शेडला नुसता पत्रा हाय, तम्मा. समदं ऐकू येत हुतं."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तू काय सांगतोस ते बघाय."

सुपात एक चीर गेलेला गर निघाला. तिनं तो उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो ऱ्हाणार. खा."

मी खाल्ला. आक्का गेल्या साली गेली. आता कुणाच्या घरी काजूची बशी पुढं आली की मी हात मागं घेतो. लोकांना वाटतं, मला पथ्य आहे.