आठ दिवस बाकी

मी लिहावं असं माझ्याकडे काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, पण मी गेलो म्हणून लिहायचा हक्क मिळतो असंही नाही. चुकलं तर माफ करा. ही गोष्ट माझ्याच हातून झाली आहे, म्हणून मीच सांगतो.

भांडुपला डोंगरावर आमची खोली. बाबा मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन. गणपती झाले आणि त्यांच्या मानेला गाठ आली. हॉस्पिटलात सुई घालून तपासणी झाली. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "रिपोर्ट आठ दिवसांनी न्या."

आईला फारसं वाचता येत नाही. लक्षात ठेवायच्या तारखेवर ती जुनी टिकली चिकटवते. कॅलेंडरवर तशी तिने चिकटवलीही. मी ती नखाने काढून टाकली.

तेव्हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू होता. "उद्या", "पुढच्या सोमवारी", "तीन आठवड्यांनी" असे शब्द वाचून त्यांची तारीख काढणारा पायथॉनमधला प्रोग्राम. तारीख उजाडली की मोबाइलवर मेसेज यायचा. मी त्यात लिहिलं : बाबांचा रिपोर्ट, आठ दिवसांनी.

"आता तुम्ही कुणी काही लक्षात ठेवायचं नाही," मी म्हणालो.

बाबा हसले. "बघ गं, पोरगो आता डॉक्टराकडे पण कंप्युटरान पाठवता."

मेसेज आला नाही. आई विचारायची, "इलो काय रे निरोप?" मी म्हणायचो, "येईल गं. तुझ्यापेक्षा त्याचा हिशेब पक्का आहे." माझी परीक्षा जवळ आली होती. दिवस किती झाले ते मी मोजलं नाही. बाबांनीही विषय काढला नाही. त्यांना जायचंच नव्हतं, हे मला आता कळतं. युनिफॉर्मचं गळ्याचं बटण लागेनासं झालं, म्हणून सुपरवायझरने त्यांना झापलं. त्यांचा आवाज बसला. हवा बदलली असेल, असं आम्ही म्हणालो.

दिवाळी होऊन गेल्यावर लॅबमध्ये मित्राला प्रोग्राम दाखवत होतो. त्याने यादीतल्या बाबांच्या रिपोर्टवर बोट ठेवलं.

"हे कधी टाकलंस रे?"

"गणपतीनंतर."

"आणि अजून आठ दिवस बाकी? यार, तुझे बाबा काय पुढच्या जन्मी जाणार?"

तो हसला. मी प्रोग्रामचा कोड उघडला.

"आठ दिवसांनी" म्हणजे कुठल्या तारखेपासून मोजायचं, हे प्रोग्रामला सांगावं लागतं. ती जागा मी रिकामी सोडली होती. रिकामी असली की तो आजपासून मोजतो. आणि माझा प्रोग्राम रोज सकाळी सगळी यादी नव्याने वाचायचा. रोज आठ दिवस, रोज आजपासून. मी शब्द टाकून लगेच तारीख बघायचो, ती बरोबर यायची. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा बघावं, असं मला कधी सुचलं नाही.

मी घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एकटेच हॉस्पिटलात गेले. "तू पेपर दी," म्हणाले. पेपर सुटला तेव्हा त्यांचे दोन मिस्ड कॉल होते. मी जिन्यातच उभा राहून फोन लावला.

"रिपोर्ट तेव्हाच तयार होतो रे," ते बसक्या आवाजात म्हणाले. "कॅन्सर आसा. तेव्हा एकच गाठ होती. आज डॉक्टरांच्या हाताक दुसऱ्या बाजूक पण गाठी लागल्यो."