न कापलेला बैल

ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार भाकरी, म्हणजे लहूह, सआदासारखी कुणाला जमत नसे, आणि तिच्यासारखा राग धरणंही कुणाला जमत नसे. दोन्ही नीट मुरू द्यावं लागतं, असं ती म्हणे.

दक्षिण येमेनमधल्या दालिअच्या डोंगरात तिच्या गावाखालचा ओढा ओलांडला की उत्तर येमेन लागायचं. नव्वद साली दोन्ही देश एक झाले, चौकीचा अडसर निघाला, तेव्हा पलीकडची कुबूल गुरुवारच्या बाजारात तिच्या गळ्यात पडून रडली होती. पुढं चार वर्षं दोघी एकाच चादरीवर बसून लहूह विकत. कुबूलचा मुलगा मुसन्ना सआदाच्या फद्लबरोबर एका ताटात जेवायचा.

मग एकी टिकवणारे आणि फुटून निघणारे यांच्यात लढाई जुंपली. मुसन्ना उत्तरेच्या फौजेला वाट दाखवत आला आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या फद्लला त्यानं गोळी घातली. फद्लच्या हातात पोहरा होता. एवढं अन्न खाल्लेल्या हातानं हे केलं, त्याला काय म्हणावं?

लढाई उत्तरेनं जिंकली, देश एक राहिला. सआदानं मात्र सांत्वनाला आलेल्यांना उंबऱ्यावरूनच परत धाडलं. सूड उगवल्याशिवाय दुखवटा घ्यायचा नाही, ही डोंगरातली रीत. तिचा दीर सालिम बंदूक पुसत राहिला आणि मुसन्नानं नऊ वर्षं ओढा ओलांडला नाही.

दहाव्या वर्षी पलीकडचे शेख त्याला आणि कुबूलला घेऊन आले. बरोबर बैल होता. त्यांनी आपल्या बंदुका सआदाच्या पायाशी ठेवल्या. तिनं मान डोलावली की बैल दारात कापायचा आणि खून मिटायचा. मान डोलवायची नाही, हे सआदानं केव्हाच ठरवलं होतं. पुढचं सालिम बघणार होता.

"फद्लची आई," शेख म्हणाले, "देश एक झाला, आता मनंही होऊ देत."

सआदानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुबूल, झोप लागते का गं?"

"नाही लागत, बहिणी. कडी वाजली तरी उठून बसते, हा जागेवर आहे ना ते चाचपते. सोडव मला आता."

सआदा उठून बैलाजवळ गेली. मग तिनं बैलाचं दावं सोडलं आणि कुबूलच्या हातात दिलं.

"घेऊन जा. तुझ्या दारात बांध."

शेखांनी परोपरीनं विनवलं, पण ती बधली नाही. शेवटी मंडळी बंदुका उचलून निघाली. ओढ्यापर्यंत कुबूल दर चार पावलांवर मागं वळून बघत होती.

सालिमचे डोळे चमकले. "वहिनी, कधी उडवू त्याला?"

"कधीच नाही," सआदा म्हणाली. "तो मेला तर ती रडेल आणि मग झोपेल. मला माहीत आहे, मीही झोपते. तू फक्त बंदूक घेऊन रोज ओढ्यापर्यंत जाऊन येत जा, तिला दिसेल असा."