सुनेसमोर न ओढलेली बिडी

"चार्ट क्लोज कर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पेशंट घरी गेला. तू अजून काय शोधतेयस?"

माझी मॅनेजर लिंडा खुर्चीमागे येऊन उभी होती. क्वार्टर संपत आला होता आणि एक चार्ट माझ्यामुळे अडकला होता.

मी टोरांटोत, नॉर्थ यॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल कोडर आहे. पेशंट घरी गेला की त्याचा चार्ट आमच्याकडे येतो. डॉक्टरांनी लिहिलेला प्रत्येक आजार, प्रत्येक ऑपरेशन आम्ही ठरलेल्या अक्षर-आकड्यांत बसवतो. तंबाखूच्या सवयीला कोड असतो, सोडून दिलेल्या सवयीलाही असतो. ज्यांनी वर्षानुवर्षं ओढली आहे त्यांना, सोडली असली तरी, आमच्याकडे लंग स्क्रीनिंगला बोलावतात. कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन करतात. खोकला सुरू व्हायच्या आत कॅन्सर सापडावा, हा हेतू. पण बोलावणारं कॉम्प्युटर फक्त कोड वाचतं. कोड नाही तर बोलावणं नाही.

हा पेशंट म्हणजे विदर्भातून मुलाकडे राहायला आलेले, साठी ओलांडलेले एक काका. नाव सांगणार नाही, आमच्या धंद्यात ते पाप आहे. डॉक्टरांची नोट होती: कधीही धूम्रपान नाही, माहिती सुनेमार्फत. दोन पानं पुढे फिजिओथेरपिस्टची नोट. तो पंजाबी, काकांशी हिंदीत बोलला असणार. त्याने लिहिलं होतं: जिना चढताना दम लागतो, पूर्वी बरीच वर्षं बिडी.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सिगारेट ओढता का, असं विचारलं असणार, आणि तेही सुनेच्या तोंडून. आमच्याकडचा सासरा घरामागे जाऊन ओढेल, वर बडीशेप चघळेल, पण सुनेसमोर कबूल करणार नाही. मेला तरी नाही. आणि इथे खरोखरच मरणाचा प्रश्न होता.

"बिडी म्हणजे हर्बल काहीतरी ना?" लिंडाने विचारलं.

"बाहेरचं पान हर्बल. आत तंबाखूच. माझी आई वळायची, लिंडा. आमचं घर त्यावर चाललंय."

"मग कोड टाक आणि मोकळी हो."

तेच तर करता येत नव्हतं. हा कोड टाकायचा तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. फिजिओची नोट चालत नाही, माझी आई तर मुळीच चालत नाही. अशा वेळी डॉक्टरांना क्वेरी पाठवायची, म्हणजे लेखी प्रश्न. त्यातही उत्तर सुचवायचं नाही. मी लिहिलं, "दोन नोट्समध्ये फरक आहे. कृपया तंबाखूची हिस्ट्री स्पष्ट करावी."

डॉ. ओकॉनर यांचा फोन आला. "मी स्वतः विचारलंय. क्लिअर नो होतं."

"उत्तर काय असावं हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर. पण प्रश्न सुनेऐवजी हॉस्पिटलच्या इंटरप्रिटरकडून विचारता येईल? आणि फक्त सिगारेट नको, सगळ्या प्रकारचा तंबाखू विचारा."

मला वाटलं, आता बाई झापणार. पण त्या म्हणाल्या, "फॉलो-अपला येतोय तो. लेट मी ट्राय."

लिंडा वैतागली, तरी तिने चार्ट उघडा ठेवू दिला. त्याबद्दल तिला मानलं पाहिजे, कारण वरून बोलणी तिलाच बसली.

फॉलो-अपनंतर डॉक्टरांचा पुन्हा फोन. या वेळी त्या हसत होत्या. "सून बाहेर गेली आणि माणूस बोलायलाच लागला. सिगारेटला त्याने आयुष्यात हात लावला नाही म्हणतो. बिडी मात्र शाळा सुटल्यापासून ते कॅनडाच्या विमानात बसेपर्यंत. मी नोट दुरुस्त केलीय. स्क्रीनिंगला आजच रेफर करते."

मी कोड टाकला, चार्ट क्लोज केला.

काही आठवड्यांनी तेच काका पुन्हा माझ्या स्क्रीनवर आले. स्कॅनमध्ये फुप्फुसात एक लहानशी गाठ दिसली होती. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. सर्जनने तेवढा भाग काढला. आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ. केमोची गरज नाही.

त्या ऑपरेशनचे कोड मीच टाकले. इतक्या वर्षांत कोड टाकताना माझे डोळे कधी भरून आले नव्हते, त्या दिवशी आले. अभिमान वाटला, आणि तो लपवावा असं मुळीच वाटलं नाही. काकांना मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही. त्यांना माझं नावही माहीत नाही. काही बिघडत नाही.

आता आमच्या इनटेकच्या, म्हणजे पेशंट दाखल करतानाच्या प्रश्नांत सिगारेटशेजारी बिडी आणि हुक्काही आहेत. नवीन नर्सेसच्या ट्रेनिंगला लिंडा मलाच पाठवते. तिथे मी बरंच काही सांगते, पण त्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुरे: म्हाताऱ्याची छाती तपासायच्या आधी सुनेला खोलीबाहेर बसवा.