अक्षताची हजेरी

औंधात अंजनाच्या बालवाडीत आपलं पोर जावं म्हणून आया धडपडत. माहेरी, साताऱ्याला असताना तिनं इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यामुळे घरातलं वाचायचं-लिहायचं सगळं तिच्याकडे यायचं. शेजारच्या दारातली थोरली जाऊ चंद्राबाई तर विजेचं बिल आलं तरी पदराला हात पुसत हाक मारायची, "अंजना, बघ गं काय म्हणतंय."

२००६ साली दोघींच्या मुली, अंजनाची अंकिता आणि चंद्राबाईची अक्षता, कराडच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात एकाच दिवशी दाखल झाल्या. नंबर मागंपुढंच पडले. कॉलेजनं त्याच वर्षी नवी सोय काढली होती. पालकानं मुलीचा नंबर आणि आपला गुप्त शब्द घातला, की इंटरनेटवर तिची हजेरी आणि मार्क दिसायचे. कारकुनानं शब्द विचारला तेव्हा अंजना म्हणाली, "यमाई." मागून चंद्राबाईनं हात जोडले. "माझंबी आईचंच नाव घाला." नवं काही सुरू करताना औंधच्या माणसाच्या तोंडी गावच्या देवीशिवाय दुसरं काय येणार?

बाजाराला कराडला गेली, की स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात बसून अंजना अंकिताचं खातं उघडायची. मार्क बेताचेच असत. संक्रांतीच्या आधी अशीच गेली असताना उठता उठता तिचा हात थबकला. दहावीला अक्षता अंकिताच्या पुढं होती, आणि घरीदारी तेच ऐकून अंजनाचे कान किटले होते. तिनं शेवटचा आकडा बदलला, यमाई लिहिलं, आणि पुतणीचं खातं उघडलं. दिवाळीपासून वर्गात हजेरी जवळजवळ नव्हतीच. अंजनाला आधी धक्का बसला. मग, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

हे कुणाला बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण फाल्गुनात चंद्राबाईच्या अंगणात बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन पापडांना जमल्या, आणि गल्लीतल्या धोंडुबाईची जीभ लाटण्यापेक्षा जोरात फिरायला लागली.

"अंजना, तुझ्या अंकीला अक्षीच्या पायाचं तीर्थ पाज गं. गावाची पोरं शिकवतीस, आन् घरची मागं कशी?"

बायका हसल्या. चंद्राबाईही हसली, साधंच.

"वर्गात गेली तर पुढं राहील ना अक्षी," अंजना बोलून गेली. "दिवाळीपासनं कॉलेजचं तोंड बघितलं न्हाई तिनं."

लाटणी थांबली. ओसरीवर पेपर वाचत बसलेले थोरले दीर नानासो उठले. लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस. पोरीला वसतिगृहात ठेवायला मुळात तयार नव्हता, चंद्राबाईनं मिनतवाऱ्या करून राजी केलेला.

"कुणी सांगितलं?"

"कराडात... बोलत हुतं कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी ते अक्षताला ट्रंकेसकट घेऊन आले. पाहुण्यांकडे निरोप गेले, मुलगी दाखवायची हाय.

अंजना समजूत घालायला गेली की नुसतं बघायला, तिचं तिलाच कळलं नाही. अक्षता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. चंद्राबाई चुलीपुढं.

"मला म्हाईत हुतं गं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इंग्रजीत शिकवल्यालं कळंना, चुकलं की पोरी हसायच्या, म्हणून ही नदीच्या संगमावर जाऊन बसायची. माझ्यापाशी रडली. संक्रांतीपासनं परत वर्गात बसाया लागली हुती. ह्यांना कळू न देता सावरत आणली हुती मी. कोण आसलं गं पोरीच्या वाईटावर?"

"चुकलं माझं, आक्का."

"तुझं काय चुकलं? तू ऐकलंस ते बोललीस."

अंजनाला तिथं बसवेना. उठून ती तडक ओसरीवर गेली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच दिरांपुढं आपणहून तोंड उघडलं. "भावजी, वार्षिक परीक्षेपर्यंत तिला कॉलेजात ठेवा. दर रविवारी जाऊन मी इंग्रजी घेते तिचं."

नानासोंनी हातातल्या पेपराची घडी घातली. मग घरात बघून म्हणाले, "अंजना म्हणती म्हणून."

पोरगी परत गेली. धोंडुबाईनं गावभर केलं, चुलती असावी तर अशी. बालवाडीच्या दारात बायका थांबवून कौतुक करायच्या, आणि अंजना मुलांची नाकं पुसायचं निमित्त करून आत पळायची.

पहिल्याच रविवारी चंद्राबाई तिच्याबरोबर कराडला निघाली. अक्षतालाही त्यांनी कॉलेजच्या हापिसात बोलावून घेतलं. सुट्टी असूनही काम करत बसलेल्या कारकुनाला चंद्राबाई म्हणाली, "माझा शब्द बदला. हजेरी बाहेर कळली, म्हंजी कुणीतरी पोरीचं खातं उघडून बघतंय."

"सांगा नवा."

ती अंजनाच्या कानाशी वाकली. "तू लिहून दे त्यास्नी. तुझ्याबिगर कुणाला सांगू?"

अंजना मागं सरली. "मला नका सांगू, आक्का. अक्षताला सांगा."

"आगं, तुला सांगाया काय हुतंय?"

"नका सांगू."

चंद्राबाई तिच्याकडे बघत राहिली. तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. मग तिनं लेकीला जवळ ओढलं, अंजनाकडे पाठ केली, आणि पोरीच्या कानात शब्द सांगितला.

परतीच्या एस.टी.त दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली. चंद्राबाईनं पिशवी मांडीवरून उचलून मधे ठेवली.