दोन दिवस अडीचशे

सिल्की ओक रोडवर पावसाळ्यात कोणी कोणाला "कसं काय" असं विचारत नाही. "किती?" एवढंच विचारतात. किती म्हणजे काल सकाळी नऊपासून आज सकाळी नऊपर्यंत तुझ्या नळीत किती मिलिमीटर पाऊस पडला. प्रत्येकाच्या अंगणात एका खांबाला प्लॅस्टिकची नळी ठोकलेली असते. नऊला ती वाचायची, ओतून टाकायची आणि फोन उचलायचा. रस्त्याच्या वरच्या टोकाला, अगदी डोंगराच्या पायाशी केल डेली राहतो. तो इर्माला आकडा सांगणार, इर्मा समोरच्या लोरेटाला, लोरेटा खालच्या केळीवाल्यांना. यात बढाया असतात, टोमणे असतात, पण हा नुसता टाइमपास नव्हे. डोंगरावरचं पाणी ओढ्यातून खाली यायला तीन तास लागतात. केलचा आकडा ऐकून लोक ट्रॅक्टर उंचावर नेतात, गुरं हलवतात, दुकानात जायचं की नाही ते ठरवतात.

इर्मा झानेट्टीला एकाहत्तरावं लागलं होतं. ऊसवाल्याची मुलगी, ऊसवाल्याची बायको आणि तोंडाने फटकळ. ऊस आता दुसराच कोणी करायचा, ती खांबांवरच्या घरात एकटी राहायची. इथला पावसाळा डिसेंबर ते एप्रिल. ते पाच महिने चपलांना बुरशी, उशांना बुरशी, मिठाचा दगड झालेला. या सगळ्याला रोज शिव्या घालत ती वहीत पाऊस लिहायची. एकतीस वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. एकही दिवस रिकामा नाही.

केलचं आणि तिचं कधीच पटलं नाही. तिच्या नवऱ्याने, आल्डोने नळी ठोकली त्याच वर्षी केल म्हणाला होता, "तुमची नळी आंब्याखाली आहे. पानांवरचं ठिबकतं त्यात. तुमचा आकडा धरू नका." झालं! इर्माने तेव्हापासून ते मनात ठेवलं होतं. केलकडे डोंगरामुळे नेहमीच तिच्या दीडपट पाऊस पडायचा, पण ती ते कबूल कशाला करेल? "झोपेतून उठून भर घालत असशील तू नळीत," असं ती त्याला दर वर्षी एकदा तरी ऐकवायची. कोरड्या दिवसांत दोघं महिनोन्महिने भेटायचे नाहीत. गाडीतून जाताना एक बोट वर करायचं, संपलं. डिसेंबर उजाडला की मात्र रोज नऊ वाजून पाच मिनिटांनी केलचा फोन.

"एकशे सत्याऐंशी आणि अर्धा."

"अर्धा कुठून आणलास? डोळे धड आहेत का?"

"तुझे किती?"

"एकशे एकवीस."

"आंबा काप आधी." आणि फोन खाली.

नऊ वर्षांपूर्वी केलची वासरं पाण्यात अडकली होती. त्याने आल्डोला फोन केला, "येतोस का जरा?" आल्डो पिकअप घेऊन निघाला. इर्माच्या आणि केलच्या घराच्या मध्ये ओढा ओलांडायला फरशी आहे. ठेंगणी, कठडे नसलेली. पाणी गुडघाभर दिसत होतं. पिकअप दुसऱ्या दिवशी सापडली, आल्डो तिसऱ्या. अंत्यविधीला केल आला, मागे उभा राहिला आणि कोणाला न भेटता निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. "एकशे चार," केल म्हणाला. इर्मा त्याला तोंडाला येईल ते बोलली. माणूस आहेस की कोण आहेस, लाज वाटते का, सगळं. त्याने फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. ती बोलून थकली आणि मग तिने वही ओढून एकशे चार लिहिलं. त्या महिन्यात तिला रोज बिछान्यातून उठवलं ते त्या फोनने. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही, केलला तर नाहीच. पण तेव्हापासून पावसाळ्यात ती फरशीपलीकडे गेली नव्हती.

यंदा फेब्रुवारीत सलग नऊ दिवस पाऊस लागला. मोबाइल बंद पडले, जुने तारेचे फोन तेवढे चालू होते. आठव्या दिवशी इर्माकडे एकशे त्रेसष्ट पडला.

"अडीचशे," केल म्हणाला. आवाज जरा घोगरा होता.

"सर्दी झाली का रे?"

"झाली असेल." फोन बंद. तिचा आकडाही विचारला नाही. तिला राग आला. तिने लोरेटाला अडीचशे कळवले, लोरेटाने खाली कळवले, केळीवाल्यांनी ट्रॅक्टर वर आणले.

नवव्या दिवशी जरा उघडलं. इर्माच्या नळीत अठ्ठेचाळीस. नऊ वाजून पाच झाले, दहा झाले. फोन नाही. ती फोनशेजारी उभी राहून टेबल पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. वीस मिनिटांनी घंटी वाजली.

"अडीचशे."

"आज? अरे, माझ्याकडे पन्नाससुद्धा नाही."

"अडीचशे आहे," केल म्हणाला. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पुढे काही नाही.

इर्माने वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसली. वर कालचा अडीचशे, खाली आजचा अडीचशे. दीडपटीने हिशेब धरला तर सत्तर-बहात्तर व्हायला हवे होते. डोंगराचं सांगता येत नाही, एखाद्या दिवशी ढग तिथेच अडकतो. पण नेमका अडीचशे? दोन्ही दिवस? तिने उलट फोन लावला. एंगेज. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. एंगेज. जो माणूस चाळीस सेकंदांच्या वर कोणाशी बोलत नाही, त्याचा फोन इतका वेळ एंगेज कसा?

ती व्हरांड्यात गेली आणि स्वतःच्या नळीपुढे उभी राहिली. नळीवरच्या रेघा वरपर्यंत मोजल्या. शेवटची रेघ अडीचशेची. त्याच्या वर नळीच नाही. दुकानात एकच तऱ्हेची नळी मिळते, केलकडेही तीच.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली.

केलची नळी काठोकाठ भरली होती. ओतलीच नव्हती. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक दिवस नळी ओतायची चुकवली नाही, त्याने दोन दिवस ती तशीच ठेवली होती.

तिने मदतकेंद्राचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"त्यांनी मदत मागितली का?"

"नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"अडीचशे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो नळीपर्यंत जाऊ शकत नाहीये! एवढं कळत नाही का तुम्हाला?" इर्मा ओरडली. बिचारीला कुठून कळणार? तिने केलचं नाव लिहून घेतलं. सगळीकडे पूर आहे, हेलिकॉप्टर उद्या सकाळपर्यंत मिळेल, म्हणाली. उद्या सकाळपर्यंत एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा टिकेल का, हे इर्माने विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही तिची.

ती भिजतच रस्ता ओलांडून लोरेटाकडे गेली. लोरेटा नोना केळीच्या शेडमध्ये काम करायची. पंचेचाळिशीची, धिप्पाड, हसरी, मूळची उत्तरेकडच्या बेटांवरची. शेडचा मोठा ट्रॅक्टर पुराच्या भीतीने तिच्याच अंगणात आणून ठेवला होता.

"आंटी, डोंगर आहे तो. पडलाही असेल अडीचशे," लोरेटा म्हणाली.

"केल कधी असा गोल आकडा सांगतो का गं?"

लोरेटाचं हसू विरलं. "नाही. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, साडेत्र्याण्णव. मी म्हटलं, अंकल, त्या अर्ध्याचं मी लोणचं घालू का?" तिने डोंगराकडे पाहिलं. "पण आंटी, मग डोंगरावर खरं किती पडलंय?"

तोच तर प्रश्न होता. केलचा आकडा खोटा म्हणजे तीन तासांनी ओढ्याला काय येणार, हे अख्ख्या रस्त्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. आता फरशी पार होईल. परत येताना होईल की नाही, देव जाणे.

"मी एकटी जाते," लोरेटा म्हणाली. "तुम्ही नका येऊ. अंकल आल्डोला विसरलात का?"

"मी? मी विसरेन?" इर्माचा आवाज चिरकला. "तुला त्याचं घर तरी माहीत आहे का आतून? चल, वेळ घालवू नकोस."

फरशीवरच्या मापाच्या खांबावर पाणी चाळीस सेंटिमीटर दाखवत होतं. पिकअपला जास्त, एवढ्या ट्रॅक्टरला चालण्यासारखं. इर्मा लोरेटाच्या मागे लोखंडी पट्टी धरून बसली. मध्यावर आल्यावर मागचं चाक सरकलं. वीतभरच, पण सरकलं. इर्माच्या तोंडून आल्डोचं नाव निघून गेलं. लोरेटाने गिअर उतरवला आणि इंच इंच करत ट्रॅक्टर पलीकडे काढला. वर चढल्यावर दोघींनी मागे पाहिलं. पाणी खांबावरच्या पुढच्या आकड्याला टेकलं होतं आणि एक अख्खं झाड फरशीवरून आडवं चाललं होतं.

"झालं. आज काही परत जात नाही आपण," लोरेटा म्हणाली.

केल मागच्या दाराजवळ स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. परवा संध्याकाळी बुरशीवरून पाय घसरला होता आणि कंबरेखालून हलता येत नव्हतं. वायर ओढून त्याने फोन टेबलावरून खाली पाडला होता. रिसीव्हर कोपऱ्यात, त्याच्या हाताबाहेर गेलेला. दार उघडं, उंबऱ्यावर एक मग, पन्हाळीचं पाणी त्यात ठिबकत होतं. दोन दिवस तेच पीत होता. आणि दारातून समोर दिसत होती ती नळी. काठोकाठ भरलेली, वरून सांडत असलेली.

त्याने डोळे उघडले. ओठ फुटले होते. "तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "फरशीवर पाणी आहे."

"मेल्या!" इर्मा त्याच्याशेजारी धपकन बसली आणि रडायलाच लागली. "दोन दिवस अडीचशे, अडीचशे! सांगता येत नव्हतं तुला?"

"खोटं नाही बोललो. तेवढंच होतं नळीत."

"पडलो म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर कोणीतरी आलं असतं," केल म्हणाला. "एकदा बोलावलं होतं मी. एकदा पुरे झालं."

इर्माने ताप बघायला त्याच्या कपाळाला हात लावला. भट्टीसारखं तापलं होतं. लोरेटाने कोरडी चादर आणली, उशा लावल्या, साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. कंबरेला मात्र हात लावायचा नाही, असं दोघींनी ठरवलं. इर्माने फोन जागेवर ठेवला आणि पहिला फोन मदतकेंद्राला केला, दुसरा केळीवाल्यांना. "केलचा आकडा धरू नका. आज किती येणार माहीत नाही. गुरं वरच ठेवा." मग बाहेर जाऊन तिने नळी ओतली. पाण्यात एक मेलेला बेडूक होता.

केल मधूनच शुद्धीवर यायचा, मधूनच बडबडायचा. दर वेळी तो गप्प झाला की इर्मा त्याची छाती वरखाली होते का, ते बघायची. ती दुसऱ्या सकाळपर्यंत जागेवरून उठली नाही.

नऊ वाजता त्याने डोळे उघडले. लांबून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता.

"किती?" तो म्हणाला.

"गप्प पड रे."

"इर्मा. किती?"

ती उठली. तिचे गुडघे धरले होते. अंगणात जाऊन तिने डोळे बारीक करून नळी वाचली, ओतली, आणि आत आली. "एकशे बारा."

"नक्की?"

"आणि अर्धा," इर्मा म्हणाली. तिने केळीवाल्यांना फोन करून तेवढंच सांगितलं, अर्ध्यासकट.

हेलिकॉप्टर वरच्या माळावर उतरत होतं, पत्रे थरथरत होते, लोरेटा हात हलवत बाहेर धावली. केलने इर्माची बाही धरली. "आणि तुझ्याकडे?"

तिला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय ते. मग कळलं. आंब्याखालची नळी आज कोणी वाचली नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वहीत एक ओळ रिकामी राहणार होती.

"माझ्याकडे कोण वाचणार?" ती म्हणाली. "मी इथे आहे ना."